ढेकळात चालणारी ब्रिक्सची रिमोट गाडी: चाकापासून सुरुवात करून घरी कशी बनवायची

मागच्या दिवाळीत माझी भाची आठ दिवस परभणीला राहायला आलती, आठवीत आहे, आणि येताना कपड्याच्या बॅगेपेक्षा मोठा टेक्निक ब्रिक्सचा (भोकं असलेल्या प्लास्टिकच्या जोडायच्या तुकड्यांचा) डबा घेऊन आली. दोन दिवस बसून आम्ही एक रिमोटची जीप बनवली, फरशीवर अशी पळायची की मांजर माळवदावर जाऊन बसलं. तिसऱ्या दिवशी रानात नेली. सोयाबीन निघून गेलेलं, रान नांगरून पडलेलं, आणि पहिल्याच ढेकळाला गाडी थांबली. आतून नुस्तं कटकट कटकट, मोटर फिरायली पण चाक हलंना. आप्पा बांधावर बसलते, ते म्हणले, "ह्याला आधी बैल जोडा."

त्यानंतर चार वेळा ती गाडी खोलली. आता ती ढेकळावरून जाती, मुरमाच्या ढिगावर चढती, नाल्यातल्या दगडावरून पण निघती. आमची चूक एकच होती, आम्ही मोटरपासून सुरुवात केलती. मोटर बसवली, मग तिला गिअर, मग दांड्या, मग शेवटी उरलेल्या जागेत चाक. रानात चालणारी गाडी उलटी बनवायची असती, आधी चाक, मग एक्सल, मग चेसिस, आणि मोटर सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमानं सांगतो.

सामान आणि मापं

लेगो टेक्निक १९७७ पासून आहे आणि त्याचं माप अजून तेच, दोन भोकांमधलं अंतर ८ मिलिमीटर. म्हणून इथून पुढं मी अंतर "भोकात" सांगणार. त्याच मापाचे दुसऱ्या कंपन्यांचे ब्रिक्स स्वस्तात मिळतात आणि बहुतेक बसतात, फक्त दांड्या (त्या अधिकच्या चिन्हासारख्या असतात त्या) जराशा मऊ निघू शकतात, पिळ पडतो. माझं मत विचारलं तर बीम (भोकांच्या लांब पट्ट्या) कुठलेही घ्या, पण दांड्या, गिअर आणि क्रॉस म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट (दांडी कोनात असली तरी फिरवणारा सांधा) चांगल्यातले घ्या. गाडी तुटती ती ह्या तीनच जागी.

पिनांचं एक लक्षात असू द्या. काळी पिन आणि लांब निळी पिन घट्ट बसती, ती चेसिस जोडायला. राखाडी नाहीतर मातकट रंगाची पिन सैल फिरती, ती हलणाऱ्या जागी. आमच्या पहिल्या गाडीत स्टिअरिंगला काळ्या पिना होत्या, म्हणून वळायला तिला सगळी ताकद लागायची आणि आम्ही मोटरला शिव्या द्यायलोत.

मोटर एक मोठी, एक्सएल मापाची, आणि स्टिअरिंगला एक सर्व्हो (ठरावीक कोनापर्यंतच वळणारी मोटर). पॉवर फंक्शन्स हे लेगोचं जुनं सिस्टिम २००७ ला आलं, लेगोनं ते आता बंद केलंय, पण त्याच मापाच्या मोटरी बाकीचे बनवत्यात. एक्सएल मोटर ९ व्होल्टला रिकामी फिरवली तर मिनिटाला साधारण २२० फेरे मारती, एल मोटर ३९० च्या आसपास. लेकरांना एल आवडती कारण ती पळती, पण रानात पळायचंच नसतं, रानात ओढायचं असतं.

पहिली पायरी: चाक

टायरच्या बाजूवर नंबर लिहिलेला असतो, आमचा आहे ९४.८ × ४४. पहिला आकडा व्यास, दुसरा रुंदी, दोन्ही मिलिमीटरमधे. म्हणजे चाकाचा मधला बिंदू जमिनीपासून ४७ मिलिमीटर वर, आणि एका फेऱ्यात गाडी साधारण ३० सेंटिमीटर जाती. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं गणित ह्याच्यावरच आहे.

टायर जेवढा मऊ तेवढा चांगला. नवीन टायरवर एक गुळगुळीत थर असतो, तो साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं घासून काढा, तेवढ्यानंच दगडावरची पकड बदलती. चारी चाकं एकाच मापाची पाहिजेत. मागं मोठी पुढं छोटी असा ट्रॅक्टर करायचा मोह भाचीला झालता, पण चारी चाकांना ताकद द्यायची असल्यावर ते जमत नाही, पुढची आणि मागची चाकं एका फेऱ्यात वेगवेगळं अंतर कापतात आणि मधली दांडी पिळती.

दुसरी पायरी: चाकाजवळचा गिअर, खरी गोम इथं आहे

ट्रॅक्टर उघडलेला बघितला असला तर माहीत असंल, इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून येती पण वेगाची शेवटची मोठी घट मागच्या चाकाजवळ, बुल गिअर म्हणजे शेवटच्या मोठ्या गिअरला होती. ते उगं नाही. गिअरनं वेग कमी केला की ताकद वाढती, आणि ती वाढलेली ताकद जिथून जाती तो प्रत्येक पार्ट तेवढा जाड लागतो. वेग मोटरपाशीच कमी केला तर तिथून चाकापर्यंतच्या सगळ्या दांड्या, सगळे क्रॉस, सगळे छोटे गिअर वाढलेला जोर सोसत बसतात. चाकापाशी कमी केला तर मधल्या दांड्या वेगानं फिरतात पण त्यांच्यावर ताण कमी. आमच्या पहिल्या गाडीत मोटरच्या तोंडाशीच तीनपट घट केलती, म्हणून ढेकूळ आलं की मधले १२ दाती गिअर दात सोडायचे. कटकट आवाज तोच.

उपाय म्हणजे पोर्टल एक्सल. वरच्या दांडीवर ८ दाती छोटा गिअर, त्याच्या खाली २४ दाती मोठा गिअर, आणि चाक त्या मोठ्या गिअरच्या दांडीवर. लेगोच्या गिअरमधे दात जेवढे तेवढा व्यास मिलिमीटरमधे धरायचा. ८ आणि २४ मिळून ३२, त्याच्या अर्धे १६, म्हणजे बरोबर दोन भोकं. (८ आणि ४० दाती घेतले तर २४ मिलिमीटर, तीन भोकं, पण ४० दाती गिअर मोठा, तो चाकापाशी अजून खाली येतो.) ह्यानं एका दगडात दोन पक्षी मरतात, ताकद तिप्पट होती आणि एक्सल चाकाच्या मधापेक्षा १६ मिलिमीटर वर उचललं जातं. साधं एक्सल असतं तर त्याच्या पोटाखाली साडेतीन सेंटिमीटर जागा राहिली असती, आता पाच सेंटिमीटरच्या वर राहती. धसकटाच्या रानात हा दीड सेंटिमीटर म्हणजे जाणं आणि अडकणं ह्यातला फरक आहे. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकला असंच पोर्टल एक्सल असतं आणि लेगोनं २०११ ला त्याचं २०४८ पार्टचं मॉडेल काढलं तेव्हा त्यात पण हेच होतं. २०१२ च्या फोर बाय फोर क्रॉलरमधे तर ह्यासाठी तयार हबच (चाक बसवायचे गिअरवाले पार्ट) आले.

मागचं एक्सल हातानं बनवा, सोपं आहे. दोन उभे बीम, मधे एका भोकाची जागा, त्या जागेत दोन्ही गिअर. दोन्ही दांड्या दोन्ही बीममधून गेल्या पाहिजेत. एका बाजूनंच आधार दिला तर जोर आला की दांडी वाकती आणि गिअर लांब जातो. ही चूक सगळेच करतात कारण फरशीवर ती दिसत नाही.

पुढचं एक्सल मात्र तयार हबनं करा, कारण ते वळायला पाहिजे आणि फिरायला पण. हातानं बनवायला गेलात तर क्रॉस, वळायची पिन आणि गिअर एका ओळीत आणता आणता सुट्टी संपंल.

डिफरन्शिअल टाकायचं का नाही

डिफरन्शिअल म्हणजे डावं आणि उजवं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर. मी सांगतो टाकू नका. डिफरन्शिअलनं वळताना गाडी छान वळती हे खरंय, पण एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद त्याच हवेतल्या चाकाला जाती आणि जमिनीवरचं चाक बघत बसतं. ट्रॅक्टरला त्यासाठी पायाशी डिफ लॉक असतो. आपल्याकडं लॉक बसवायचा म्हणजे अजून एक मोटर, अजून वजन. त्यापेक्षा डाव्या आणि उजव्या चाकाला एकाच सरळ दांडीवर घ्या, कायमचा लॉक. मोकळ्या मातीत आणि मुरमावर चाक जरासं घसरून वळून घेतं. फरशीवर मात्र लेकरांना सांगून ठेवा की जागच्या जागी वळवू नका, तिथं घसरायला मिळत नाही आणि क्रॉस तुटतो. आमचा एक तसाच गेला, भाची म्हणाली "मामा आपोआप तुटला", आपोआप काही तुटत नसतं.

एक्सलच्या मधे मोटरकडून येणाऱ्या लांब दांडीवर १२ दाती बेव्हल (काटकोनात जुळणारा गिअर) आणि आडव्या दांडीवर २० दाती बेव्हल. इथं एक गंमत आहे, हिच्यात आमचा अख्खा शनिवार गेला. पुढच्या एक्सलमधे २० दाती गिअर मधल्या दांडीच्या डावीकडं असला तर मागच्या एक्सलमधे तो उजवीकडं पाहिजे. दोन्हीकडं एकाच बाजूला बसवला तर पुढची चाकं पुढं आणि मागची मागं ओढायला लागतात, आणि गाडी जागेवर थरथरत उभी राहती, मारक्या बैलजोडीसारखी.

तिसरी पायरी: झुलतं एक्सल

स्प्रिंगवाले शॉकअप लावायची हौस सगळ्यांना असती, पहिल्या गाडीला लावू नका. परत ट्रॅक्टरकडं बघा, पुढचं एक्सल मधल्या एका जाड पिनेवर डोलतं, स्प्रिंग बिंग काही नाही, आणि चारी चाकं कायम जमिनीला. आपण तेच करायचं. मागचं एक्सल चेसिसला पक्कं, पुढचं मधोमध झुलतं.

झुलायची पिन आणि मोटरकडून येणारी लांब दांडी एकाच रेषेत ठेवा, म्हणजे त्या दांडीभोवतीच एक्सल झुलंल. असं केलं की तिथं क्रॉस लागतच नाही, दांडी सरळची सरळ राहती. छोटं गोल टर्नटेबल (फिरती चकती) मिळालं तर त्याच्या मधल्या भोकातून दांडी काढा, वजन टर्नटेबल घेईल. नसलं तर एक्सलच्या पुढं एक आणि मागं एक असे दोन बीम त्या दांडीवर टांगा, दीड किलोपर्यंत चालून जातं.

झुलणाऱ्या एक्सलला एक वाईट खोड आहे. लांब दांडी जोरानं फिरती तेव्हा ती एक्सललाच पिळायला बघती, त्यामुळं चढावर एक चाक दबतं आणि दुसरं उचलतं. दांडीतला जोर जेवढा कमी तेवढी ही खोड कमी, आणि घट आपण चाकापाशी केलेली असल्यामुळं जोर कमीच असतो. म्हणून मी त्या पोर्टलवर एवढा अडून बसलोय. शिवाय झुलायला पण हद्द पाहिजे, दोन्ही बाजूला वीसेक अंशावर एक्सल बीमला टेकंल असे दोन अडसर लावा, नाहीतर आडव्या उतारावर गाडी पटकन कलंडती.

स्टिअरिंग

सर्व्हो मोटर झुलत्या एक्सलवरच बसवा, चेसिसवर नाही. चेसिसवर बसवली तर एक्सल झुललं की टायरॉड ओढला जातो आणि गाडी आपोआप वळती. दोन्ही हबला जोडणाऱ्या टायरॉडला सैल पिना. झालं की चाकं पूर्ण वळवून आणि त्याच वेळी एक्सल पूर्ण झुकवून बघा, टायर कुठं घासतो का. नुस्तं सरळ उभं राहून बघितलं तर सगळं बरोबरच दिसतं.

चौथी पायरी: चेसिस, मोटर, बॅटरी

आता पहिल्यांदा मोटर हातात घ्या. दोन्ही एक्सलमधे मधापासून मधापर्यंत २५ भोकं, म्हणजे २० सेंटिमीटर ठेवा. ह्याच्यापेक्षा लांब केली तर बांधावर पोट टेकतं, आखूड केली तर चढावर पाठीमागं उलटती. चेसिस दोन लांब बीमची, मधे आडवे, आणि वरखाली दुहेरी थर. एक कोपरा धरून पिळून बघा, जुन्या बाजेसारखी करकरली तर तिरके बीम टाका. लांब दांडीला दर तीन चार भोकांवर बीमचा आधार द्या. आणि बुश (दांडी सरकू नये म्हणून तिच्यावर घालायची छोटी कडी) एकदम घट्ट दाबू नका, केसाएवढी फट राहू द्या.

मोटर जोडायच्या आधी लांब दांडी बोटानं फिरवा. चारी चाकं गुळगुळीत फिरली पाहिजेत. बोटाला जड लागलं तर मोटरला पण जड लागतं, तेव्हा तिथंच थांबा आणि कुठं घासतंय ते शोधा, पुढं जाऊ नका.

ताकदीचा हिशेब एकदा करून घ्या, अवघड नाही. गाडी दीड किलोची आणि चढ ३० अंशाचा, तर चाकांवर मिळून साधारण ३५ न्यूटन सेंटिमीटर (फिरवायच्या जोराचं माप) जोर लागतो. एक्सएल मोटर आरामात २० देती (अडवली तर ४० पर्यंत जाती पण तिथं ती फिरायचीच थांबती). बेव्हलची घट १.६७ पट, पोर्टलची ३, मिळून ५ पट. २० गुणिले ५ म्हणजे १००, घर्षणात चाळीस गेले धरा तरी ६० उरतात. वेग किती तर २२० भागिले ५, मिनिटाला ४४ फेरे, म्हणजे रिकामी गाडी मिनिटाला तेरा मीटर. आप्पांच्या चालण्यापेक्षा हळू. पण दगडावर हळूच चढायचं असतं.

बॅटरीचा डबा सगळ्यात जड, तो खाली आणि जरासा पुढं ठेवा. किचनचा वजनकाटा घ्या, पुढची चाकं काट्यावर, मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. एकूण वजनाच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त पुढं आलं पाहिजे. मग गाडी एका फळीवर आडवी ठेवून फळी उचलत जा, मोबाईलमधल्या लेव्हल ॲपनं कोन बघा, चाळीस अंशाच्या आतच कलंडली तर बॅटरी अजून खाली घ्या.

रिमोट कुठला

आयआरवाला (टीव्हीसारखा, न दिसणाऱ्या उजेडावर चालणारा) रिमोट असंल तर तो घरात ठीक आहे. रानात दुपारच्या उन्हात तो रिमोट रिसिव्हरला दिसतच नाही, टीव्हीचा रिमोट अंगणात नेऊन बघा तसंच. आम्ही अर्धा तास सेल बदलत बसलोत आणि ढग आला तशी गाडी चालायला लागली. त्यामुळं ब्लूटूथवालाच घ्या, मोबाईलवरून चालतो. फक्त मोबाईलच्या काचेवर बोटाला स्टिअरिंग कळत नाही, बटणांचा गेमपॅड जोडता आला तर लई फरक पडतो.

सहा एए सेल लागतात. साधे अल्कलाईन ९ व्होल्ट देतात, रिचार्जेबल ७.२. गाडी जराशी हळू होती पण सुट्टीभर चालवायची तर रिचार्जेबलच परवडतात. साधे सेल चार्जरला लावू नका हे लेकरांना दोनदा सांगा.

एकदा मुरमाच्या ढिगावर चाक दगडात अडकलं, भाचीनं बोट दाबूनच धरलं आणि गाडी एकदम मेली. आम्हाला वाटलं मोटर जळाली, ती रडायच्या बेतात. लिंबाखाली सावलीत ठेवली, दहा मिनिटांनी आपली चालू. अशा बऱ्याच मोटरींच्या आत गरम झालं की करंट तोडणारा पार्ट असतो. तेव्हा बंद पडली की लगेच खोलत बसू नका, आधी गार होऊ द्या.

रानात नेताना

पहिल्या दिवशी थेट ढेकळात नको. आधी मुरमाचा रस्ता, मग बांधाची उतरण, मग नाल्यातले काळे दगड, शेवटी नांगरलेलं रान. पऱ्हाटीची धसकटं चाकात नाही तर पोटाखाली अडकतात, म्हणून पोटाला खालून एक गुळगुळीत पट्टी लावा, त्यावरून गाडी घसरून निघती.

पाऊस पडल्यावर काळ्या रानात नेऊ नकाच. आपल्या चपला घोट्याएवढ्या जड होतात तिथं टायरचं काय घेऊन बसलात, दोन मीटरमधे चारी चाकांचे चार गोळे होतात, आणि हबच्या गिअरमधे घुसलेला चिखल वाळला की सिमेंट. आमचा तसा वाळलेला हब एक रात्र पाण्यात भिजत घालावा लागला. धुवायचं असंल तर मोटर आणि बॅटरी काढून, कोमट पाणी आणि साबण, उकळतं अजिबात नाही. गिअरला तेल टाकायचा सल्ला आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्यानं दिलता, टाकू नका, तेलाला धूळ चिकटती आणि काही तेलांनी प्लास्टिक तडकतं. कोरडे गिअर आणि टूथब्रश बास. मे महिन्यात बंद कारमधे गाडी विसरू नका, लेगोवाले धुण्याला सुद्धा ४० अंशांच्या वर नको म्हणतात आणि आपल्याकडं तेवढं सावलीतच असतं.

वरची बॉडी

बॉडी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हलकी. दीडशे ग्रॅमच्या वर गेली की फळीवरचा कोन परत मोजा. आम्ही पातळ पुठ्ठ्याची केली, भाचीनं काळी-पिवळी रंगवली, मागं लटकलेले दोन पॅसेंजर पण चिकटवले. त्या दोघांमुळं वजन मागं गेलं आणि नाल्याच्या चढावर पुढची चाकं उचलायला लागली, तर मी म्हणलं ह्यांना उतरवू, ती म्हणली नाही मामा, त्यांना बोनेटवर बसवू. आता बोनेटवर बसलेत, आणि चढ निघतोय.